वृद्धाश्रमातील सामाजिक उपक्रम : कायदा, नियोजन आणि सुरतेचे उदाहरण

वृद्धाश्रम म्हटला की निवारा, भोजन आणि औषधपाणी या तीन गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. या तिन्ही गोष्टी वेळच्या वेळी मिळाल्या, तरी निवासी व्यक्तीच्या दिवसाचे पुष्कळ तास मोकळे उरतात. आंघोळ, दोन वेळचे जेवण, चहा आणि गोळ्या यांना लागणारा वेळ वजा केला, की उरलेल्या वेळात खाट, खिडकी आणि दूरचित्रवाणी संच एवढेच जग शिल्लक राहते. हा उरलेला वेळ कसा जातो, यावर त्या व्यक्तीचे आरोग्य, मनःस्थिती आणि आत्मसन्मान बऱ्याच अंशी अवलंबून असतो. म्हणूनच वृद्धाश्रमातील सामाजिक उपक्रम हा हौसेचा किंवा सणासुदीचा विषय नसून काळजीसेवेचाच एक भाग मानला जातो.

सामाजिक उपक्रम या संज्ञेत वाढदिवस, सणवार, भजन, गाण्याची मैफल, सहल, सामूहिक वाचन, खेळ, हस्तकला, बागकाम, शाळकरी मुलांच्या भेटी, आठवणींच्या बैठका आणि निवाऱ्यातील छोट्या-मोठ्या कामांतील सहभाग, या सर्वांचा समावेश होतो. यांतील काही उपक्रम दररोजचे, काही आठवड्याचे, तर काही वर्षातून एकदाच येणारे असतात. सर्वसाधारण अनुभव असा, की वर्षातून एकदा येणारे उपक्रम थाटात होतात आणि दररोजचे मात्र कागदावरच राहतात.

कायदा काय सांगतो

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ आणि कल्याण यासंबंधीचा केंद्रीय कायदा २००७ साली संमत झाला. वयाची ६० वर्षे पूर्ण केलेला भारतीय नागरिक या कायद्यानुसार ज्येष्ठ नागरिक ठरतो. कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘कल्याण’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. अन्न आणि आरोग्यसेवा यांच्या जोडीला मनोरंजन केंद्रे व ज्येष्ठांना आवश्यक अशा अन्य सुविधा यांचाही त्या व्याख्येत उल्लेख आहे. म्हणजे विरंगुळ्याची सोय ही कायद्याच्या दृष्टीने कल्याणाच्या कल्पनेबाहेरची गोष्ट नाही.

याच कायद्याचे कलम १९ वृद्धाश्रमांविषयी आहे. राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक याप्रमाणे, किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने स्थापन करू शकते. त्यांच्या व्यवस्थापनाची योजना आखताना सेवांचा दर्जा ठरवायचा असतो आणि त्या सेवांमध्ये वैद्यकीय उपचारांबरोबर निवासींच्या मनोरंजनाच्या साधनांचाही समावेश आहे. कायद्याची भाषा येथे ‘करू शकते’ अशी आहे, ‘केलेच पाहिजे’ अशी नाही. त्यामुळे प्रत्यक्षात काय मिळते, हे राज्याच्या नियमांवर, संस्थेच्या धोरणावर आणि कुटुंबीयांच्या आग्रहावर ठरते.

केंद्राच्या अनुदानातून चालणाऱ्या ज्येष्ठ नागरिक निवासांसाठीच्या योजनेतही हेच सूत्र आहे. १९९२ साली सुरू झालेली ही योजना आता अटल वयो अभ्युदय योजनेचा भाग आहे. निवारा, भोजन, वैद्यकीय सेवा आणि मनोरंजनाच्या संधी देऊन ज्येष्ठांचे जीवनमान सुधारणे, असे तिचे उद्दिष्ट सांगितले आहे. चार अपेक्षांपैकी पहिल्या तीन मोजता येतात. ताटे मोजता येतात, खाटा मोजता येतात, औषधांची बिले तपासता येतात. चौथी मोजणे अवघड असल्याने तपासणीत तिच्याकडे दुर्लक्ष होणे सोपे असते.

गोव्याच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के होते. गोव्यात ते ११.२ टक्के, म्हणजे केरळच्या खालोखाल होते. रोजगारासाठी आखाती देशांत, पोर्तुगाल वा इंग्लंडमध्ये गेलेली मुले आणि गावच्या घरात एकटे उरलेले आई-वडील हे चित्र राज्यात नवे नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली सार्वजनिक साहाय्य संस्था, म्हणजेच प्रोव्हेदोरिया, आजही वृद्धांसाठी निवासगृहे चालवते. धर्मादाय व खासगी संस्थांची निवासगृहेही आहेत. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना दरमहा अर्थसाहाय्य मिळते. मात्र सोबत ही अर्थसाहाय्याने मिळणारी वस्तू नव्हे. तिची व्यवस्था वेगळीच करावी लागते.

संशोधन काय दाखवते

या विषयावरील दोन अभ्यास आजही वारंवार उद्धृत केले जातात. पहिला एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील आर्डन हाउस या शुश्रूषागृहात झालेला हा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील निवासींना सांगण्यात आले, की आपल्या दिवसाचे निर्णय त्यांनी स्वतः घ्यावेत. त्यांना आवडेल ते रोप निवडून त्याची निगा राखण्याची आणि चित्रपट कोणत्या रात्री पाहायचा हे ठरवण्याची मुभा होती. दुसऱ्या मजल्यावरील निवासींनाही रोप मिळाले, चित्रपटही दाखवला गेला. परंतु रोपाला पाणी परिचारिका घालणार होत्या आणि चित्रपटाची रात्र संस्था ठरवणार होती. काही आठवड्यांनी पहिल्या गटातील निवासी अधिक सजग, अधिक सक्रिय आणि अधिक समाधानी आढळले. दोन्ही गटांना मिळालेल्या वस्तू जवळपास सारख्याच होत्या. फरक निवडीच्या अधिकारात होता.

दुसरा अभ्यास रिचर्ड शुल्झ यांचा, तोही १९७६ चा. वृद्धनिवासातील व्यक्तींना महाविद्यालयीन विद्यार्थी दोन महिने नियमित भेटत राहिले. भेट केव्हा होईल हे ज्यांना आधी ठाऊक असे किंवा ज्यांना ती वेळ स्वतः ठरवता येई, त्यांच्या प्रकृतीत व उत्साहात सुधारणा दिसली. पुढे १९७८ साली शुल्झ आणि हनुसा यांनी याच व्यक्तींचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यातून दिसले, की भेटी बंद झाल्यावर तो लाभ टिकला नाही. उलट ज्यांना सर्वाधिक लाभ झाला होता, त्यांचीच घसरण अधिक झाली. वृद्धाश्रमात एकदा जाऊन पुन्हा न फिरकणाऱ्या सद्‌हेतू मंडळींनी या निष्कर्षाचा गांभीर्याने विचार करावयास हवा. ओढ लावून पाठ फिरवणे हे न जाण्यापेक्षाही जड ठरू शकते.

सुरतेचे उदाहरण

एकाच छपराखाली अनेक भाषा व अनेक प्रांत नांदत असतील, तर उपक्रमांचे नियोजन कसे करावे, हे समजण्यासाठी सुरत शहराचे उदाहरण उपयोगी पडते. मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४ व १६७० च्या शिवरायांच्या स्वाऱ्यांमुळे. आजची सुरत मात्र हिरे आणि कापड यांच्या उद्योगावर वाढलेले, स्थलांतरितांचे शहर आहे. १९९१ मध्ये सुमारे १५ लाख असलेली तिची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांवर पोहोचली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या खानदेशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथील महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीखेरीज हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांतही चालतात, यावरून या शहराच्या बहुभाषिकतेची कल्पना येते.

अशा शहरात मागावर किंवा घाटीवर उमेदीची वर्षे घालवलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्यासाठी वार्षिक कार्यक्रमपत्रिका आखताना केवळ शहराचे सण धरून भागत नाही. सुरतेचे स्वतःचे सण ठसठशीत आहेत. १४ जानेवारीला उत्तरायणाचे पतंग, हिवाळ्यात उंधियू व पोंक, नवरात्रात गल्लीतला गरबा आणि शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडव्याची घारी. खानदेशी आजीच्या मनातले वर्ष मात्र वेगळ्या खुणांनी चालते. अक्षय्य तृतीया ही तिच्यासाठी आखाजी असते. माहेर, झोका आणि झोक्यावरची अहिराणी गाणी यांचा तो सण. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि रोटांचा नैवेद्य होतो. गरब्याच्या रात्री ती टाळ्या वाजवील. आखाजीच्या दिवशी मात्र तीच गाणे सांगणारी होईल. उपक्रमांच्या नियोजनात हा फरक निर्णायक असतो.

दोन परंपरा परस्परांपासून दूर ठेवण्याचेही कारण नाही. सुरतेचा पोंक म्हणजे कोवळ्या ज्वारीचे भाजलेले दाणे, अर्थात आपला हुरडा. एकाच ताटातल्या पदार्थाला दोन निवासी दोन नावांनी ओळखतात, आणि शेताच्या आठवणी दोघांच्याही निघतात. दात नसलेल्यांसाठी त्याच पोंकाचे वडे मऊ करून देता येतात. पतंगाच्या दिवशी गच्चीवर जाणे सर्वांना शक्य नसते. परंतु अंगणात बसून नातवंडांच्या वयाच्या मुलासाठी फिरकी धरणे व्हीलचेअरवरच्या व्यक्तीलाही जमते. घारीत मैदा, मावा, तूप आणि साखर भरपूर असल्याने मधुमेह्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने लहानसा तुकडाच द्यावा लागतो. सण टाळण्यापेक्षा सणाचे प्रमाण सांभाळणे, हे चांगल्या व्यवस्थापनाचे लक्षण होय.

गोव्यालाही हेच सूत्र लागू पडते. येथील निवासगृहात एका खाटेवर भजनी सप्ताहात रात्र जागवलेले आजोबा असतात, तर शेजारच्या खाटेवर फेस्ताची आणि लादाईनीची आठवण काढणारी वृद्धा असते. घुमट हे वाद्य गणपतीच्या आरतीलाही वाजते आणि मांड्यालाही. त्याच्या थापेवर दोघांनाही ठेका धरता येतो. शिगमा, चतुर्थी, नाताळ, ईद आणि गावच्या जत्रेतील नाटके यांच्या नोंदी निवासींना विचारूनच कार्यक्रमपत्रिकेत कराव्यात. प्रवेशाच्या वेळी आजारांची यादी घेतली जाते, त्याच वेळी आवडीनिवडींचीही यादी घेतली, तर हे काम सोपे होते. गाव, मातृभाषा, व्यवसाय, आवडते गाणे, येणारी कला, पाळला जाणारा सण आणि नकोसा वाटणारा विषय, एवढ्या सात नोंदी त्यासाठी पुरेशा आहेत.

आठवड्याचे नियोजन

उपक्रम नियमित असावेत आणि त्यांची वेळ आधी ठाऊक असावी. ठळक अक्षरांतील साप्ताहिक फलक भोजनगृहात, बसल्या जागेवरून वाचता येईल अशा उंचीवर लावावा. सकाळी बैठे व्यायाम, दुपारी वृत्तपत्राचे सामूहिक वाचन, सायंकाळी गप्पा किंवा प्रार्थना, हा दररोजचा पाया असू शकतो. त्यावर आठवड्यातून एकदा गाणी, एकदा बागकाम वा हस्तकला, एकदा पत्ते, कॅरम किंवा शब्दकोडी आणि एकदा बाहेरच्या पाहुण्यांची भेट अशी रचना करता येते. महिन्यातून एकदा जवळची सहल आणि त्या महिन्यातील सर्वांचा एकत्रित वाढदिवस पुरेसा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि तोल व स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी प्रकृतीला मानवेल तेवढी हालचाल करावी, असेही त्या सूचना सांगतात. खुर्चीत बसून हात-पाय हलवणे, चेंडू झेलणे, टाळ वाजवणे यांतून व्यायाम आणि सहवास दोन्ही साधतात. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन सुरू केलेला हास्यक्लब जगभर पसरला, त्यामागेही एकत्र येण्याचाच मोठा वाटा आहे.

शरीराच्या मर्यादा लक्षात न घेतल्यास चांगला कार्यक्रमही वाया जातो. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला म्हणजे कमी ऐकू येणाऱ्याला स्पष्ट ऐकू येते, असे नव्हे. पंखे, भांडी आणि मागचे बोलणे बंद करून, समोर बसून, सावकाश बोललेले अधिक समजते. आसने ओळीने न मांडता गोलाकार मांडावीत. स्वच्छतागृह जवळ असावे. बैठक अर्ध्या-पाऊण तासापेक्षा फार लांबवू नये. खाटेवरून उठू न शकणाऱ्यांकडे उपक्रम न्यावा लागतो. वाचून दाखवणारी एक व्यक्ती आणि एक खुर्ची एवढ्याने तेही साधते.

आठवणींची बैठक

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली असे मांडले, की उतारवयात गतजीवनात रमणे हे बुद्धी क्षीण झाल्याचे लक्षण नसून आयुष्याचा लेखाजोखा मांडण्याची ती स्वाभाविक प्रक्रिया आहे. या विचारातून आठवणींच्या बैठका ही पद्धत रूढ झाली. एखादी जुनी वस्तू, छायाचित्र, गाणे किंवा वास यांच्या साहाय्याने विषय काढला जातो आणि प्रत्येकाला बोलण्याची संधी मिळते. गोव्यातील आज ऐंशीच्या घरात असलेल्या व्यक्तीने १९६१ ची मुक्ती कुमारवयात पाहिली आहे आणि १९६७ चा जनमत कौल तरुणपणी अनुभवला आहे. सुरतेतील तिच्या समवयस्काला १९६८ चा आणि २००६ चा तापीचा पूर तसेच १९९४ ची प्लेगची साथ आठवत असणार. अशा आठवणी नातेवाइकांच्या संमतीने नव्हे, तर प्रथम त्या व्यक्तीच्या स्वतःच्या संमतीने लिहून वा ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, तर गावाच्या इतिहासातही भर पडते.

स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या बाबतीत भाषेला विशेष महत्त्व आहे. नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी मागे पडते आणि बालपणीची टिकून राहते. सुरतेत आयुष्यभर गुजराती बोललेला खानदेशी वृद्ध अखेरीस अहिराणीतच उत्तर देऊ लागला, तर त्याचे गप्प बसणे हा हट्ट नव्हे, हे काळजीवाहकाला ठाऊक असावे लागते. त्याच्या भाषेत आठवड्यातून एक तास बोलणारी व्यक्ती मिळवून देणे, हा त्याच्यासाठी सर्वांत मोठा उपक्रम ठरतो. अशा निवासींना ‘मला ओळखलेत का?’ असे विचारून परीक्षा घेऊ नये. आपले नाव स्वतःच सांगावे.

पाहुणे आणि देणगीदार

वाढदिवस किंवा पुण्यतिथीनिमित्त वृद्धाश्रमात जेवण देण्याची प्रथा आपल्याकडे रुजली आहे आणि तिच्यामागील भावना आदरणीय आहे. तथापि फळे वाटताना छायाचित्रासाठी निवासींना रांगेत उभे करणे, त्यांची छायाचित्रे न विचारता समाजमाध्यमांवर टाकणे आणि एकाच आठवड्यात चार संस्थांनी येऊन पुढचे दोन महिने कोणीच न येणे, हे प्रकार टाळण्यासारखे आहेत. सतत घेणाऱ्याच्या भूमिकेत राहावे लागणे हे माणसाला खच्ची करते. म्हणून निवासींना देणाऱ्याची भूमिका मिळेल असे प्रसंग मुद्दाम निर्माण करावेत. निवृत्त शिक्षकाने मुलांचे पाढे घ्यावेत, शिवणकाम येणाऱ्या बाईंनी टाके शिकवावेत, पाहुण्यांना चहा निवासींच्या हातून मिळावा.

राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास समाजकार्य करणे अपेक्षित असते. शैक्षणिक वर्षाचे ३० आठवडे धरले आणि दर आठवड्याला एक तास एका ठरलेल्या वृद्धाश्रमाला दिला, तर त्यांतील ३० तासच लागतात. दहा विद्यार्थ्यांच्या गटाने प्रत्येकी एका निवासीची जबाबदारी वर्षभर घेतली, तर भेट नियमित होते, चेहरा ओळखीचा होतो आणि वर्ष संपताना निरोप नीट घेऊन पुढच्या विद्यार्थ्याची ओळख करून देता येते. नेदरलँड्समधील डेव्हेंटर येथील ह्युमनिटास या वृद्धनिवासात तर विद्यार्थ्यांना विनाभाडे खोली मिळते आणि त्या बदल्यात ते महिन्याला ३० तास शेजारधर्म पाळतात.

ग्रंथालयांचे साहाय्यही घेण्यासारखे आहे. १८३२ साली स्थापन झालेले पणजीचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि गावोगावची वाचनालये यांच्याशी बोलून मोठ्या टायपातील पुस्तकांची पेटी महिन्याला बदलून घेता येईल.

नकाराचा अधिकार आणि निरोप

प्रत्येक उपक्रमात प्रत्येकाने सामील व्हावे, असा आग्रह धरू नये. एकटे बसणे आणि एकाकी असणे यांत फरक आहे. पुस्तक वाचत बसलेल्या व्यक्तीला हाताला धरून टाळ्या वाजवायला नेणे हा सन्मान नव्हे. मात्र जी व्यक्ती पूर्वी येत असे आणि आता येईनाशी झाली आहे, तिची चौकशी त्याच दिवशी व्हावी. वेदना, नैराश्य, ऐकू न येणे किंवा शेजाऱ्याशी झालेला वाद, यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते.

आणखी एका प्रसंगाचा समावेश सामाजिक उपक्रमांत करायला हवा. निवासी दगावल्यावर इतरांना त्रास होऊ नये म्हणून खाट गुपचूप रिकामी करण्याकडे संस्थांचा कल असतो. इतरांना ते कळल्यावाचून राहत नाही. आपल्या माघारीही असेच होणार, एवढेच त्यातून त्यांच्या मनावर ठसते. दिवंगताचे छायाचित्र, एक दिवा, त्याच्या धर्माप्रमाणे प्रार्थना आणि ज्यांना बोलायचे असेल त्यांना दोन शब्द बोलण्याची मुभा, अशी पंधरा मिनिटांची शोकसभा प्रत्येक वृद्धाश्रमात व्हावी.

कुटुंबीयांनी विचारावयाचे प्रश्न

वृद्धाश्रम निवडताना किंवा तेथे असलेल्या नातेवाइकाला भेटताना पुढील प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्याचे उपक्रमांचे वेळापत्रक पाहायला मिळेल काय? त्यातील किती उपक्रम प्रत्यक्ष झाले? वेळापत्रक ठरवताना निवासींना विचारले जाते काय आणि त्यांची समिती आहे काय? उपक्रमांची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे आहे काय? खाटेला खिळलेल्यांसाठी काय केले जाते? आमच्या माणसाची भाषा जाणणारे कोणी येथे आहे काय? निवासींना बाहेर, देवळात, चर्चमध्ये, मशिदीत किंवा बाजारात नेले जाते काय? छायाचित्रे घेण्यापूर्वी परवानगी घेतली जाते काय?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर ती सुधारण्यास सहसा मोठा निधी लागत नाही. ठरलेली वेळ आणि ठरलेली माणसे लागतात. ज्येष्ठ नागरिकांना माहिती, मार्गदर्शन किंवा छळ अथवा दुर्लक्षाविरुद्ध मदत हवी असल्यास केंद्र सरकारची १४५६७ ही निःशुल्क मदतवाहिनी उपलब्ध आहे. दर वर्षी १ ऑक्टोबरला साजऱ्या होणाऱ्या आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनी वृद्धाश्रमांत पुष्कळ वर्दळ असते. ज्यांना खरोखर उपयोगी पडायचे आहे, त्यांनी २ ऑक्टोबरनंतरच्या आठवड्यांतील एक वार आपल्या नावे राखून ठेवावा आणि तो पाळावा.